मशीनच्या मते शालिनीताई अजून आतच

मेट्रो स्टेशनवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न गाडीबद्दलचा नसतो. "टॉयलेट कुठंय?" हा असतो. दुसरा असतो, "बाहेर कुठून पडायचं?" आणि तिसरा, जरा दबक्या आवाजात, "मी चुकीच्या बाजूला आलोय का?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. चौकशीच्या खिडकीमागे बसून मी इतकी वर्षं हेच 'हो' पाच भाषांत सांगत आले. यंदा साठी पुरी झाली, कंत्राट संपलं, आणि आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्या बाई मागे लागल्या की लिहा. लिहिते, पण आधीच सांगते, माझं मराठी बेंगळुरूचं आहे. आमचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरी आम्ही जे बोलतो ते ऐकून पुण्याची मंडळी विचारतात, "हे मराठीच आहे ना?" लिहिण्यापुरतं मी जरा इस्त्री करून घेतलंय.

मेट्रोच्या आधी मी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात तपासणीला होते. तयार झालेला भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, जातो की नाही एवढंच पाहायचं. गेला तर पास, नाही तर बाजूच्या डब्यात. कारखाना बंद पडला आणि मी मेट्रोत आले, तेव्हा स्टेशनवरची गेटं पाहून मला हसूच आलं. इथेही तेच होतं, फक्त भागांच्या जागी माणसं.

नव्या माणसासाठी हे गेट समजावून सांगते, कारण सगळी गंमत आणि सगळा घोळ तिथेच आहे. बसमध्ये चढलात की तिकीट काढता, उतरताना कुणी विचारत नाही. मेट्रोत तसं नाही. आत जाताना टोकन किंवा कार्ड मशीनला दाखवायचं आणि बाहेर पडतानाही दाखवायचं. मशीन तुमची दोन टोकं जुळवतं. दुसरं टोक मिळालं नाही, तर त्याच्या लेखी तुम्ही अजून आतच आहात. एक तरुण इंजिनियर आठवण म्हणून टोकन खिशात ठेवून निघाला होता आणि गेट उघडेना तेव्हा मलाच तांत्रिक सल्ला देऊ लागला. एक गृहस्थ तुमकूरहून आणलेला भलामोठा फणस घेऊन आले आणि सामान तपासायच्या यंत्रात तो अडकवून बसले. एका नवऱ्याने आपलं कार्ड दाखवून बायकोला आत सोडलं, पुन्हा तेच कार्ड स्वतःसाठी लावलं, आणि मशीनने नकार दिल्यावर म्हणाला, "मॅडम, आम्ही दोघं एकच आहोत." मी म्हटलं, "घरी असा साहेब, इथे दोन."

दिशेचं सांगायचं तर माझा एकच सल्ला आहे. गाडीच्या रंगाच्या नादी लागू नका, शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा. फलाटावर तेच लिहिलेलं असतं. तुम्हाला कुठे उतरायचंय हे फलाटाला माहीत नसतं, त्याला फक्त गाडी कुठे संपते ते माहीत असतं. आणि मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टेशनला उतरणार असाल तर कुठल्या फाटकातून बाहेर पडायचं ते आधी विचारून ठेवा, नाहीतर रस्त्याच्या भलत्याच अंगाला निघाल आणि रिक्षावाला तुम्हाला शहर दाखवून समोरच आणून सोडेल. तिथे मी काही वर्षं होते, त्यामुळे अनुभवाने सांगते.

इलेक्ट्रॉनिक सिटीकडची पिवळी मार्गिका सुरू झाली तेव्हा माझी बदली तिकडच्या एका स्टेशनवर झाली. सकाळी हातात लॅपटॉपच्या बॅगा आणि कानात बोंडं घातलेली पोरं झुंडीने यायची. त्या पोरांना माझी गरज नव्हती. अकरानंतर गर्दी ओसरली की यायचे त्यांचे आईवडील, गावाहून मुलाकडे आलेले, गेटाच्या चार पावलं अलीकडे थबकणारे. माझं खरं गिऱ्हाईक ते.

शालिनीताई त्यातल्याच. अमरावतीच्या, एका शाळेत पस्तीस वर्षं शिवण शिकवलेल्या. अंगाने किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात. पहिल्या दिवशी त्या खिडकीशी आल्या आणि हिंदीत सुरुवात केली. त्यांचं हिंदी ऐकून मी मराठीत विचारलं, "कुठं जायचं अक्का?"

त्यांनी काचेवर हात ठेवला. "बाप्पा! तुम्ही मराठी बोलून राहिल्या?"

"स्वल्प वेगळं बोलतो आम्ही. पण मराठीच."

मग त्या अर्धा तास बोलल्या. मिस्टर गेले, म्हणून मुलगा निखिल त्यांना इकडे घेऊन आला. मुलगा चांगला, सून चांगली, फ्लॅट अकराव्या मजल्यावर. सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत ताई आणि टीव्ही. जयनगरला त्यांची मावसबहीण कुमुद राहते. तिचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नाही. निखिल म्हणतो, रविवारी गाडीने नेतो. चार रविवार निघाले आणि चारही रविवारी गाड्यांच्या कोंडीमुळे सिल्क बोर्डाच्या चौकातूनच मागे फिरले. एकटी जाते म्हटलं तर म्हणतो, आई, तू हरवशील, तुला भाषा येत नाही.

"मी पार्सल झाली जी," त्या म्हणाल्या. "कोनी उचललं तर हालते. म्हनून सांगितलं त्याले, महिनाभर पाहीन. माह्या पायानं कुमुदकडं जाता आलं तर राहीन इथं. नाई तर अमरावतीचं घर आहेच, कुलूप काढलं की झालं."

"तिकडं कोण आहे?"

"कोनी नाई," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

मी त्यांना रस्ता शिकवायला घेतला. इथून पिवळ्या गाडीने आर. व्ही. रोड, म्हणजे पिवळ्या गाडीचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे चुकायची सोय नाही. तिथे हिरवी गाडी. 'मादावर' हे तिचं शेवटचं स्टेशन लिहिलेल्या फलाटावर उभं राहायचं आणि पहिल्याच स्टेशनला, जयनगरला, उतरायचं. मी कागदावर लिहून देत होते तर म्हणाल्या, कागद हरवते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या एक पांढरा रुमाल घेऊन. त्यावर पिवळ्या धाग्याची रेघ शिवलेली आणि जितकी स्टेशनं तितक्या गाठी. शेवटच्या गाठीशी काळ्या दोऱ्याने छोटासा जिना काढलेला, आणि तिथून हिरव्या धाग्याचा एकच टाका. गाडीत बसल्या बसल्या बोटाने गाठी मोजत जायचं. मी इतकी वर्षं नकाशे वाटले, पण इतका चांगला नकाशा माझ्या हातून कधी गेला नाही. मी तो रुमाल आमच्या स्टेशन कंट्रोलरसाहेबांपासून झाडूवाल्या मादम्मापर्यंत सगळ्यांना दाखवला.

गुरुवार ठरला. मी स्वतः त्यांचं नवं कार्ड करून दिलं, गेटाला कसं लावायचं ते तीन वेळा करून घेतलं, आणि त्या गेल्या. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दोन वाजता माझी पाळी संपली तरी मी खिडकी दुसरीच्या हाती देऊन तिथेच घुटमळत राहिले. चारच्या सुमाराला सरकत्या जिन्यावरून त्या खाली आल्या. एका हातात कढीपत्त्याची जुडी, दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी, काखेत पिशवी, आणि चेहरा असा की जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाय.

"गेली आणि आली!" त्या लांबूनच ओरडल्या.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. दोन्ही हात भरलेले, कार्ड पिशवीत कुठेतरी खाली, गेटाशी गर्दी. मी बाजूचं फाटक उघडलं आणि म्हटलं, "या अक्का, इकडून या, कशाला शोधता!" त्या आल्या, मला मिठी मारली, बरणीतलं लोणचं झाकणावर काढून चाखायला लावलं. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले.

हे बाजूचं फाटक सामानासाठी, बाळगाड्यांसाठी, अडचणीत असलेल्यांसाठी असतं. ते उघडायचं तर आधी माणसाचं कार्ड हातात घ्यायचं, खिडकीतल्या मशीनला लावायचं, मग फाटक. खिडकीत नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी मीच हे शिकवायची. आणि त्या दिवशी कढीपत्त्याच्या वासात मी तेच विसरले.

पुढच्या गुरुवारी माझी सुट्टी होती. त्यानंतरच्या गुरुवारी ताई दिसल्या नाहीत. मला वाटलं, वेळ बदलली असेल, दुपारच्या पाळीत जात असतील. त्याच्या पुढच्या आठवड्यात वाटलं, कुमुदकडेच राहायला गेल्या असतील. खरं सांगायचं तर मला थोडा रागही आला होता. एवढं शिकवलं आणि काम झाल्यावर ओळखही दाखवू नये? माणूस दुसऱ्याबद्दल किती पटकन वाईट विचार करतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे.

पाच आठवडे झाल्यावर एका मंगळवारी दुपारी पस्तिशीचा एक तरुण खिडकीशी आला. कार्ड पुढे सरकवलं. "हे परत करायचंय. आईचं आहे. ॲक्च्युअली शी इज गोइंग बॅक. शनिवारची ट्रेन आहे." मग पिशवीतून घडी घातलेला रुमाल काढला. "आणि हे वत्सलाक्का म्हणून कुणी आहेत, त्यांना द्यायला सांगितलंय."

वत्सलाक्का म्हणजे मीच. रुमाल मी लगेच ओळखला. पिवळ्या गाठी, काळा जिना, हिरवा टाका.

"का जातायत?" मी विचारलं.

"काही सांगत नाही ती. एकदा मेट्रोने गेली, खूश होती. पुढच्या वेळी मी घरूनच काम करत होतो, तर अर्ध्या तासात परत आली आणि रडायलाच लागली. विचारलं तर म्हणते, मला नाही जमत. म्हटलं ना मी तिला, की हरवशील."

मी कार्ड मशीनवर ठेवलं. पडद्यावर जे आलं ते मी दोनदा वाचलं. प्रवेश, जयनगर. निर्गमन, नाही. मशीनच्या मते शालिनीताई पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी जयनगरला आत शिरल्या होत्या आणि अजून बाहेर आल्याच नव्हत्या.

मला सगळं कळलं. दुसऱ्या गुरुवारी त्या एकट्या आल्या असणार, कार्ड लावलं असणार, आणि गेट लाल झालं असणार. खिडकीत त्या दिवशी चैत्रा होती, नवी मुलगी, कन्नड आणि इंग्रजीच बोलणारी. दुपारच्या पाळीसाठी ती आलीच होती, तिला मी विचारलं तर तिला आठवतही होतं. "हौदु अक्का, एक आज्जी आल्या होत्या. एग्झिट नव्हतं. पेनल्टी भरायला सांगितलं. मागे रांग होती, लोक ओरडायला लागले. आज्जी बोलल्याच नाहीत, तशाच गेल्या." चैत्राचं काहीच चुकलं नव्हतं. मी शिकवलं होतं तसंच तिने केलं.

निखिल काचेपलीकडे उभा होता. मशीन बिघडलं होतं असं सांगून टाकलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मशीनवर आळ घेतला तर ते काही बोलत नाही. एक क्षण मला तो मोह झाला, हे लपवत नाही. पण हातात तो रुमाल होता.

"साहेब, तुमची आई हरवली नव्हती," मी म्हटलं. "मी चुकले. दहा मिनिटं थांबा. माझी पाळी संपते, मी तुमच्याबरोबर घरी येते."

अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवाणखान्यातच बॅग भरून ठेवलेली होती. ताई खिडकीशी बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. मी त्यांच्यासमोर खालीच बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. फाटक, कढीपत्ता, कार्ड, सगळं. "अक्का, तुमची चूक नव्हती. माझी होती. मी माया दाखवायला गेले आणि तुम्हाला अडकवून ठेवलं."

त्या एकदम भडकल्या.

"चार आठोडे! चार आठोडे मी विचार करून राहिली की मी काय केलं! पस्तीस वर्सं शाळेत काढली, शाळेतली सुई कधी घरी नाई नेली. आन् तिथं त्या पोरीनं म्हटलं पेनल्टी! मागचे लोकं म्हनत होते, चला, चला, सरका. मले वाटलं, मी बिनातिकीट आली. मले वाटलं, निखिल म्हनते तेच खरं, मले काई समजत नाई."

"आई, मला का नाही सांगितलंस?" निखिल म्हणाला.

"तुले काय सांगू? तू तर मी चुकायची वाटच पाहून राहिला होता."

मला वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मी मुकाट्यानं गेले असते. पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शिवणाच्या बाई वेडावाकडा टाका तपासतात तसं माझ्याकडे पाहिलं.

"ते मशीन आता काय म्हनते?"

"म्हणतं, तुम्ही अजून स्टेशनातच आहात."

"तवापासून?"

"तवापासून."

"मंग जेवाले काहून नाई दिलं कोनी?" त्या म्हणाल्या, आणि आधी त्या हसल्या, मग निखिल, मग मी. हसता हसता मला रडू आलं ते वेगळंच. त्या उठल्या आणि चहा टाकला. लोणचं मात्र दिलं नाही. म्हणाल्या, ते आता तुम्ही पास झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. निखिलही आला, पण त्याला त्यांनी रस्त्यावरच थांबवलं. मी कार्डावरची अर्धवट नोंद नियमाप्रमाणे बंद केली, चैत्राला शेजारी उभं करून दाखवली, आणि तिच्यासमोर कबूल केलं की हे शिकवणारीच विसरली होती. चैत्राने ताईंना वाकून नमस्कार केला. ताईंनी तिच्या ओढणीचा उसवलेला काठ पाहिला आणि म्हणाल्या, "हे घेऊन ये माह्याकडं." तिला मराठीतलं अक्षर कळलं नाही, पण काठ कळला.

मग ताई गेटाशी गेल्या. तिथे त्या क्षणभर थांबल्या. कार्ड उलटसुलट करून पाहताना मला काचेतून दिसत होत्या, आणि मी उठून मदतीला जाऊ नये म्हणून खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. कार्ड लागलं, गेट उघडलं, आणि त्या मागे न पाहता जिन्याकडे निघाल्या. शनिवारचं तिकीट त्याच संध्याकाळी रद्द झालं.

त्यानंतर दर गुरुवार पक्का. त्यांच्या सोसायटीत तीन मजल्यांवर अशाच आया निघाल्या, एक साताऱ्याची, एक लखनौची, एक तर थेट कटकची. ताईंनी प्रत्येकीला रुमाल शिवून दिला. भाषा एकीची दुसरीला नीट येत नाही, पण गाठी सगळ्यांना मोजता येतात. निखिलही आता रविवारी गाडी घरी ठेवून आईच्या मागून जिना चढतो, आणि फलाट चुकला की त्याच त्याला हाताला धरून वळवतात.

माझा शेवटचा दिवस मुद्दाम गुरुवार मागून घेतला होता. सहकाऱ्यांनी हार घातला, मादम्माने म्हैसूरपाक आणला, साहेब चार वाक्यं बोलले. मी राहते जयनगरला, म्हणून ताईंबरोबरच निघाले. ओळखपत्र आणि कामाचं कार्ड सकाळीच जमा केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा साध्या प्रवाशाचं कार्ड घेऊन मेट्रोत बसले होते. हातात हार, पुष्पगुच्छ, मिठाईचा डबा. गाडी सिल्क बोर्डावरून गेली तेव्हा खाली चौकात गाड्या नुसत्या उभ्या होत्या, आणि ताई रुमाल न काढता खिडकीबाहेर बघत होत्या. आता त्यांना गाठी लागत नाहीत.

जयनगरच्या स्टेशनवरचा गार्ड माझ्या ओळखीचा. माझे भरलेले हात आणि गळ्याला चिकटून राहिलेलं हारातलं तुळशीचं पान पाहून त्याला समजलं. त्याने हसून बाजूचं फाटक उघडलं. "बन्नी वत्सलाक्का, इकडून या."

मी वळले होते. मागून आवाज आला, "थांबा."

शालिनीताईंनी पुष्पगुच्छ माझ्या हातातून काढून घेतला, हार घेतला, डबा काखेत मारला. "कार्ड लावा जी. रांगेतून जा. नाई तर उद्यापासून ते मशीन म्हनन, वत्सलाबाई अजून आतच हाय."

मी पर्स उघडली, कार्ड शोधलं, लावलं. हिरवा बाण उमटला, गेट उघडलं. इतक्या वर्षांत हजारो माणसांना या गेटातून पलीकडे पाठवलं होतं, आणि आता माझंच पाऊल उचलेना. डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना, पलीकडे आता काय करायचं तेही सुचेना. खरं सांगते, मला आतच राहायचं होतं.

ताईंनी पाठीवर हात ठेवला आणि हळूच पुढे लोटलं.

"चला ना अक्का," त्या म्हणाल्या. "मागं लोकं थांबून राहिले."